दगडी उतारावरची चकमक

ताला नाला, दुराझ्नो प्रांत, उरुग्वाय
४ मार्च १८७१

नेमेसिओ,

तू जिवंत आहेस हे बास्काच्या दुकानात कळलं. आता तुझ्यावर पोटभर रागवायला मी मोकळी. शाळेतली मास्तरकी टाकून, आईला एका शब्दानं न विचारता बंडवाल्यांत गेलास, आणि वर निरोप काय धाडतोस, तर 'ताईला सांगा, काळजी करू नको.' बरं, नाही करत! टोपीला ती पांढरी फीत कुणी शिवून दिली रे? तुला तर सुईत दोरा ओवता येत नाही. आई दिवसभर रडते आणि संध्याकाळी शेजारणींपुढे तुझी फुशारकी मारते म्हणे.

इकडचं ऐक. मागच्या आठवड्यात सरकारची तांबड्या फितीवाली माणसं येऊन गेली. गाई हाकून नेल्या. कुंपणाचे खांब उपटून जाळले आणि आमचंच वासरू त्यावर भाजून खाल्लं. जाताना एकजण मला म्हणाला, 'बाई, मीठ छान होतं तुमचं.' लिबोरिओ भिंतीला टेकून बघत राहिला. तुझे दाजी तुला ठाऊकच आहेत. ना पांढरी फीत, ना तांबडी. म्हणतो, 'मी चाबूकस्वार. लोकांचे आडमुठे घोडे शहाणे करून देणं हा माझा धंदा. माणसं शहाणी करायचा मक्ता मी घेतलेला नाही.'

सासूबाईंना हे खपत नाही. सासरे पांढऱ्यांच्या बाजूनं लढताना गेले, तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, पांढरी आणि हरामखोर. डोळे गेले तरी जीभ शाबूत आहे. 'दोन मुलगे माझे, आणि फीत एकाच्याही टोपीवर नाही,' हे रोज जेवताना ऐकवतात. मग माझा धाकटा दीर सेनोन अर्ध्या जेवणावरून उठून जातो. वीस वर्षांचा आहे. त्याला तोंडावर असं बोललेलं सहन होत नाही.

एवढंच बरं झालं, की घोडे वाचले. लोकांनी शिकवायला दिलेले आणि आपले मिळून चाळीसेक असतील. ते लिबोरिओनं आधीच दलदलीमागच्या झाडीत नेऊन ठेवलेत. सकाळी मातेचा कडू चहा पिऊन जातो, दिवस मावळता परत येतो, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. तेवढे घोडे आहेत म्हणून आमचं घर उभं आहे.

उत्तर बास्काकडेच ठेव. आणि आईला दोन ओळी लिही, गाढवा.

तुझी ताई,
कासिल्दा


छावणीतून
२६ मार्च

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिव्या वाचून घरी आल्यासारखं वाटलं. फीत कुणी शिवली ते सांगणार नाही.

इथे मला नेमेसिओ कुणी म्हणत नाही. सगळ्यांचा मी 'मास्तर'. खरं नाव कुणी विचारलंही नाही. आमचा सार्जंट लेदेस्मा म्हणतो, 'मास्तर, तांबड्यांना आधी शुद्धलेखन घाल, निम्मे त्यातच मरतील.' त्याची थट्टा मनाला लागत नाही. नदीला पूर होता तेव्हा मी घोड्यावरून पडलो, तर यानं केसाला धरून काठावर ओढलं. रात्री अर्धी घोंगडी माझ्यावर टाकतो. मला सख्खा भाऊ असता तर असाच असता.

भाले आमचे घरचेच. मेंढ्या कातरायची कातर मोडायची, एकेक पातं वेळूच्या टोकाला कातडी वादीनं बांधायचं. झाला भाला. अडचण आहे ती घोड्यांची. निम्मी माणसं डोक्यावर खोगीर घेऊन पायी चालतात. अशा फौजेला बघून शत्रू पळणार कसा, हसणार.

म्हणून एक केलं आहे, रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा कप्तान शेजारीच बसले होते आणि घोड्यांचीच चिंता करत होते. मी सांगून टाकलं, की माझ्या दाजींकडे चाळीस उत्तम शिकवलेले घोडे आहेत. कप्तान म्हणाले, फुकट नाही नेणार, रीतसर चिठ्ठी लिहून देऊ, जिंकल्यावर दुप्पट भरून मिळेल. एवढं होऊनही दाजी गप्पच राहतील का? एका बाजूला कधीतरी उभं राहावंच लागतं माणसाला. वीस दिवसांत आम्ही तुमच्या बाजूला येऊ. तू त्यांना तोवर समजावून ठेव. तुझं ते ऐकतात.

सासूबाईंना सांग, एक फीत आणतो आहे त्यांच्या धाकट्यासाठी.

नेमेसिओ


ताला नाला
८ एप्रिल

काय केलंस हे तू?

मी तुला बहीण म्हणून लिहिलं होतं. कप्तानाला नव्हतं लिहिलं. चिठ्ठी! गाई नेणाऱ्यांनीही चिठ्ठी दिली होती. सेनोननं ती चुलीत घातली.

तुझं पत्र मी लिबोरिओला वाचून दाखवलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं नुसतं विचारलं, 'वीस दिवस म्हणजे कधीपासून?' मग टोपी घातली. ते घोडे आपले नाहीत रे, लोकांनी विश्वासानं दिलेले आहेत. कुणाला काय तोंड दाखवायचं? सेनोन तुमच्यात यायला फुरफुरतो म्हणून त्यालाही सोबत घेतलं नाही. एकटाच सगळा कळप घेऊन नदीच्या दगडी उतारावरून उत्तरेला गेला आहे, त्याच्या मावसभावाकडे. उघड्या माळावरून चाळीस घोडे एकट्यानं न्यायचे. लपले होते तिथे सुखात होते.

जाताना मला म्हणाला, 'पोरावर रागावू नकोस, त्याला वाटलं आपण चांगलंच करतोय.' मी रागावणार आहे. तू येच इकडे, कान उपटते तुझे.

कासिल्दा


छावणीतून
१३ एप्रिल

ताई,

मी लढलो! घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलं आहे. दंडाला जरासं कापलं आहे, बाकी ठीक. तुझं उत्तर अजून आलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो.

परवा पहाटे नदीच्या दगडी उतारावर तांबड्यांच्या गस्तीच्या टोळीशी गाठ पडली. दाट धुकं. त्यांच्याजवळ घोड्यांचा मोठा कळप होता, आणि कळप पाण्यात उतरला की माणसांचं सगळं लक्ष तिकडेच जातं. कप्तानांनी हात खाली केला आणि आम्ही काठावरून सुटलो. सगळ्यांत पुढे लेदेस्मा. पहिल्याच धक्क्यात माझ्या भाल्याचं पातं निसटून पडलं आणि मी नुसती काठी घेऊन बोंबलत पुढे गेलो. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मातेचं पाणी तापायला वेळ लागतो ना, तेवढ्यात सगळं आटोपलं. एक तांबडा, माझ्याच वयाचा, पाण्यात घोड्याखाली सापडला होता. माझ्याकडे बघत होता. त्याला हात द्यावा की काठी घालावी हे माझं ठरेपर्यंत पाणी त्याच्या तोंडावरून गेलं. हे आईला लिहू नकोस.

बाकीचे पळाले. मला पलीकडच्या काठावर घोडे गोळा करायला पाठवलं. धुक्यात घोडे गोळा करणं म्हणजे काय ते दाजींनाच ठाऊक. तिघे जिवंत हाती लागले होते. पण कैद्यांना घालायला अन्न नाही, बांधायला दोर नाही, आणि तेही आमच्या माणसांना जिवंत ठेवत नाहीत. मी परत आलो तोवर लेदेस्मानं ते उरकलं होतं. मला बघायला लागलं नाही, बरं झालं.

आता आनंदाची गोष्ट. घोडे इतके मिळाले, की कप्तान म्हणाले, 'मास्तर, तुझ्या दाजीला सुखानं झोपू दे, त्याच्या घोड्यांची गरज उरली नाही.' सगळ्यांच्या अंगावर नाना मालकांच्या डागलेल्या खुणा, पण काय शिकवलेले! लगाम नुसता हलवला की वळतात. लेदेस्माला एक अबलख घोडा मिळाला. दाजींना हे लगेच सांग. माझी चूक देवानंच निस्तरली.

नेमेसिओ


ताला नाला
२ मे

नेमेसिओ,

लिबोरिओ गेला.

मावसभावाकडे पोचल्याचा निरोप येईना, म्हणून सेनोन शोधायला निघाला. वाटेत मेंढपाळांनी सांगितलं, की तांबड्यांच्या गस्तीनं एका चाबूकस्वाराला कळपासकट पकडलं आणि वाट दाखवायला पुढे घातलं. दगडी उताराशी घारी घिरट्या घालत होत्या. तिथे सापडला. हात मागे बांधलेले. गळा कापलेला. टोपीवर कोरी तांबडी फीत. ज्यानं जन्मात फीत लावली नाही त्याला मरताना थट्टेनं ती लावली त्या लोकांनी. शेजारीच दोन तांबडे मरून पडले होते. सेनोननं ते तसेच टाकले.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी ते उभ्यानंच वाचलं. तेच ठिकाण, तीच पहाट, तोच कळप. म्हणजे तुम्हाला येताना बघून त्या नीचांनी आधी त्याचा जीव घेतला, आणि त्याच घटकेला तुम्ही त्यांच्यावर तुटून पडलात. तुला ठाऊकही नव्हतं, आणि तू आपल्या माणसाचा सूड घेतलास. रागाच्या भरात मी तुला काय काय लिहिलं ते विसर. ते पत्र मिळालं असेल तर फाडून टाक.

सासूबाई रडल्या नाहीत. मला सगळं पत्र पुन्हा वाचायला लावलं. तू नुसती काठी घेऊन धावलास तिथे त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, 'त्या सार्जंटाचं नाव काय म्हणालीस?' आता रोज त्याच्या नावानं मेणबत्ती लावतात.

सेनोन तुमच्याकडे यायचं म्हणतो. ज्यांनी दादाचा सूड घेतला त्यांच्याच पथकात राहायचं, दुसरीकडे नाही. मुली विचारतात, बाबा घोडे घेऊन कधी येणार. मी काय सांगू त्यांना?

कासिल्दा


छावणीतून
२० मे

ताई,

काय लिहू. तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली, आधी मेची, मग एप्रिलची.

सेनोनला पाठवू नकोस. इथे खायला नाही, उवा झाल्या आहेत, थंडी येते आहे. घरात एक तरी पुरुष हवा. पाया पडतो, पाठवू नकोस. आणि सासूबाईंना मेणबत्त्या लावू देऊ नकोस.

दाजी खरोखर असं म्हणाले का, पोरावर रागावू नकोस म्हणून?

नेमेसिओ


ताला नाला
९ जून

नेमेसिओ,

एवढंसंच पत्र? ज्याच्या पुढ्यात बसून तू घोड्यावर बसायला शिकलास तो माणूस गेला, आणि तू मला उवांचं सांगतोस. धक्का बसला असेल तुला, समजते मी. पण मेणबत्ती लावू नका म्हणजे काय? लिहिताना ताप होता का अंगात? त्या मेणबत्तीवर म्हातारीचा दिवस जातो.

सेनोन तुझं पत्र यायच्या आधीच निघून गेला. पोचला असेल. त्याला सांभाळ. फार भाबडा आहे, कुणी दोन शब्द मायेचे बोललं की त्याचाच होऊन राहतो. सासूबाईंनी स्वतः चाचपत त्याच्या टोपीला फीत शिवली. वाकडी झाली आहे, कुणी हसलं तर तू बघून घे.

त्याच्याबरोबर लोकरीचे मोजे दिलेत, तुला एक जोड आणि सार्जंट लेदेस्माला एक.

कासिल्दा


उत्तरेकडून
३० जुलै

ताई,

मोठ्या लढाईत आमचा धुव्वा उडाला हे कळलंच असेल. आम्ही उरलेसुरले हिंडतो आहोत. सेनोन सुखरूप आहे. तोही मला मास्तरच म्हणतो, आणि दादाचं इथे कुणाजवळ बोलू नकोस म्हटलं तेही ऐकतो. कप्तान आता फार कडक झाले आहेत, पळणाऱ्याला जागच्या जागी मारतात.

सेनोन लेदेस्माजवळच असतो. त्यानं त्याला भाला धरायला शिकवलं. माझ्यावरची अर्धी घोंगडी आता त्याच्यावर असते. आल्या आल्या सेनोननं अबलख ओळखला, मानेला मिठीच मारली. लेदेस्मा म्हणाला, 'तांबड्यांकडून मिळालाय.' तो गेल्यावर सेनोन मला म्हणाला, 'दादाचा घोडा चांगल्या माणसाकडे गेला.' मी मान हलवली.

मोजे लेदेस्माला दिले. म्हणाला, 'मला आजवर कुणी मोजे विणले नव्हते, मास्तर. तुझ्या बहिणीला माझा नमस्कार लिही.' लिहिला आहे.

ताई, मला झोप लागत नाही. दुसरं काही नाही. मी सेनोनला दुसऱ्या पथकात पाठवायची खटपट करतो आहे.

नेमेसिओ


उत्तरेकडून
२१ ऑगस्ट

ताई,

घाईत. सेनोन काल अबलख घेऊन पळाला. का ते ठाऊक नाही. कप्तानांनी लेदेस्माबरोबर तीन माणसं त्याच्या मागावर धाडली आहेत. मी जातो म्हणालो, तर कप्तान म्हणाले, 'मास्तर, तुझा नातेवाईक आहे, तू नको.' तो तुझ्याकडे आला तर एक घटकाही थांबू देऊ नकोस. जेवायलाही नको. सरळ ब्राझीलच्या हद्दीकडे पळव. हे पत्र नेणाऱ्याला मी माझे बूट दिलेत, तो घोडा मरेपर्यंत दौडेल.

ने.


ताला नाला
५ सप्टेंबर

नेमेसिओ,

तुझा माणूस आला तेव्हा आंगणात आम्ही दोघी बायका आणि मुलीच होतो. तरी तू बूट दिलेस हे लक्षात ठेवीन. त्याच्यापुढचं मात्र वाच आणि लक्षात ठेव तू.

सेनोन भर दुपारी आला. घोड्यावरून उतरेना. मी लगाम धरला तेव्हा म्हणाला, 'वहिनी, तिघे होते.' मला पहिल्यांदा कळलंच नाही. तिघे. तू लिहिलं होतंस, तिघे हाती लागले. तिथे तिघेच पडले होते, दोन तांबडे आणि एक लिबोरिओ. मी कधी मोजलं नव्हतं. मोजायचंच नव्हतं मला.

शेकोटीपाशी गमतीच्या गोष्टी चालल्या होत्या. तुझा लेदेस्मा सांगत होता, दगडी उतारावर एक वाटाड्या सापडला, बांधला तरी ओरडत होता, 'नेमेसिओला बोलवा! नेमेसिओ! माझा मेव्हणा तुमच्यात आहे!' लेदेस्मानं त्याला सांगितलं, 'बाबा रे, आमच्यात नेमेसिओ नावाचा कुणी नाही.' तर हा म्हणे, 'आहे, नीट बघा, त्याला हाक मारा.' शेकोटीपाशी तो हसून म्हणाला, 'मरायच्या वेळी सगळेच सोयरे निघतात!' सगळे हसले. सेनोन त्याच्याच घोंगडीत बसला होता. भाला हाताशी होता. म्हणाला, 'वहिनी, माझ्यानं उचलवला नाही. त्यानं मला भाकरी दिली होती.' पहाटे दादाचा घोडा सोडला आणि निघून आला.

तू पलीकडच्या काठावर घोडे गोळा करत होतास. एवढ्याशा नदीपलीकडे. ऐकू आलं नाही का रे तुला?

मी त्याला म्हटलं, पळ. तो म्हणाला, आईला भेटतो, दोन घास खातो. तेवढ्यात ते चौघे आले. सेनोन उंबऱ्यातच बसून राहिला, हललाही नाही.

लेदेस्मानं टोपी काढली. 'बाई, मी लेदेस्मा. मोजे मिळाले. याला न्यायला आलोय.' त्याचं नाव ऐकलं मात्र, सासूबाई आतून भिंत चाचपत धावत आल्या. 'कोण? लेदेस्मा? तोच का?' त्याचे दोन्ही हात धरले आणि त्यांचे मुके घेतले. 'रोज मेणबत्ती लावते तुझ्या नावानं, लेकरा.' तो हसला. 'म्हातारे, माणूस चुकलीस तू. माझ्यासाठी कोण मेणबत्ती लावतंय?' पण त्या हात सोडीनात. त्यानं माझ्याकडे बघितलं. 'ही असं का करते?'

त्याला विहिरीशी नेऊन मी सांगितलं. 'ज्या वाटाड्याचा तू गळा कापलास त्याची ती आई. मी त्याची बायको. आणि तुझ्या मास्तरचं नाव नेमेसिओ.'

तो विहिरीच्या कठड्यावर बसला.  टोपी गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता सेनोनला सोडेल. देवाशपथ वाटलं मला. मग उठून म्हणाला, 'बाई, आता तर सोडताच येत नाही. सोडला तर उद्या ना परवा हा मला मारणारच. त्याच्या जागी मी असतो तर मारलं असतं.'

सेनोन आईला म्हणाला, 'आई, पथकात परत जातोय.' सासूबाई म्हणाल्या, 'जा, पळून आला होतास की काय? यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.' त्याच्या टोपीवरची फीत चाचपून नीट केली. टेकडीपलीकडे गेले ते. थोड्या वेळानं चारच घोडेस्वार पुढे माळावर दिसले, आणि मागे दोरीला बांधलेला एक मोकळा घोडा. संध्याकाळी मी आणि थोरलीनं त्याला पुरलं. सासूबाईंना ठाऊक नाही.

तुला मेमध्येच कळलं होतं. मेमध्ये. 'पाठवू नकोस' म्हणालास, का ते सांगितलं नाहीस. खरं एक वाक्य लिहिलं असतंस तर माणूस पाठवून मी सेनोनला अर्ध्या वाटेवरून परत आणला असता.

आणि पहिलं पत्र माझं. घोडे कुठे आहेत ते मीच तुला लिहिलं. तेही विसरत नाही मी.

कासिल्दा


दुराझ्नो, आईच्या घरून
१८ एप्रिल १८७२

ताई,

तह झाला. भाले जमा करून आम्हाला घरी जायला सांगितलं.

तुझं पत्र सात महिने माझ्याजवळ होतं. उत्तर लिहायला बसलो की पहिल्या शब्दालाच अडायचो.

लेदेस्मा परत आला त्या दिवशी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, 'नाव सांगायचं होतंस, मास्तर.' बस, एवढंच. मी त्याला मारलं नाही. त्यानंतर सात महिने आम्ही एकाच शेकोटीपाशी बसलो, एकाच भांड्यातून माते प्यायलो. तो मला मास्तर म्हणायचा थांबला, नेमेसिओ म्हणू लागला. ते ऐकलं की मला वाटायचं, उतारावरून कुणीतरी हाक मारतंय. तहानंतर तो आपल्या गावी गेला. त्याला तीन मुलं आहेत. अबलख घेऊन गेला.

तू विचारलंस, ऐकू आलं नाही का. धुक्यात एक आवाज आला होता. कळपाला कुणी हाका घालतंय असं वाटलं मला. खरंच तसं वाटलं, की आता मी तसं म्हणतोय, ते मला कळेनासं झालं आहे.

तुझ्या घरी पुरुष नाही. मी येऊ का? कुंपण घालीन, विहीर उपशीन, सांगशील ते करीन. दारात उभं करू नकोस वाटलं तर, गोठ्यात राहीन. नको असेल तर तसं लिही.

नेमेसिओ


ताला नाला
११ मे १८७२

नेमेसिओ,

येऊ नकोस.

इथे पुरुषाचं काम मी आणि थोरली करतो. होत नाही तेवढं पडून राहतं.

तह झाल्याचं सासूबाईंना बास्कानं सांगितलं. तेव्हापासून दारात खुर्ची टाकून बसतात. टापा ऐकू आल्या की म्हणतात, 'हा सेनोन नव्हे, त्याचा घोडा असा पाय टाकत नाही.' मग मला विचारतात, सगळ्यांची मुलं परत आली, माझा का नाही? खरं सांगावं म्हणून मी दोनदा त्यांच्यापुढे जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्यानं बोलवलं नाही. आता कळतं, तुला मेमध्ये काय झालं असेल. कळतं म्हणून माफ होत नाही.

म्हणून मी त्यांना सांगितलंय, की सेनोन ब्राझीलच्या हद्दीत घोडे शिकवायला राहिला आहे. आता त्यांना त्याचं पत्र हवं. मी स्वतः लिहून स्वतःच वाचलं तर ओळखतात. कागद हातात घेऊन वास घेतात, घडी चाचपतात, बास्काला विचारतात कुठून आलं.

ते तू लिहायचं. दर महिन्याला एक. पेटी घेऊन फिरणाऱ्या फेरीवाल्यांच्या हाती हद्दीकडून फिरवून पाठव, म्हणजे कागद प्रवासात मळलेला असेल. तो येतोय असं कधी लिहू नकोस. येणार नाही असंही लिहू नकोस. त्या आहेत तोवर एकही महिना चुकता कामा नये.

तुझ्या स्वतःच्या नावानं मला यापुढे एक अक्षरही लिहू नकोस. आलं तर न उघडता चुलीत जाईल.

कासिल्दा


हद्दीजवळच्या पागेवरून
१ जून १८७२

प्रिय आई,

मला लिहिता येत नाही म्हणून इथल्या एका माणसाकडून हे लिहवून घेतो आहे. मी सुखरूप आहे. इथली पागा मोठी आहे. मालक बरा आहे, पोटभर मांस मिळतं. माझ्याकडे सध्या सहा घोडे शिकायला आहेत. त्यातली एक तांबूस घोडी फार हट्टी, कुणालाच पाठीवर बसू देत नाही. मी घाई करत नाही. रोज नुसता तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. दादा असंच करायचा ना?

थंडी पडली आहे. तू संध्याकाळी दारात बसत जाऊ नकोस, गुडघे धरतील. वहिनीला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, तिनं सांगितलेलं सगळं ऐकेन.

येण्याचं अजून नक्की नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र पाठवीन.

तुझा मुलगा,
सेनोन